डोक्यात चिप, छातीत मशीन आणि सरकारी गुपितं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. मुंबईत बावीस वर्षं हॉस्पिटलातली मशीनं दुरुस्त केली, ईसीजी, मॉनिटर, सिरिंज पंप, जे बंद पडेल ते, आणि आता देवगड तालुक्यात वडिलांची कलमं बघतो. गावात परत आल्यापासून लोकांचा समज झालाय की याला सगळं माहिती, म्हणून चिपवाला, उपग्रहवाला, मेंदू कंट्रोलवाला प्रत्येक फॉरवर्ड फिरून फिरून माझ्याकडेच येतो आणि खाली लिहिलेलं असतं, "खरा काय रे ह्या?" तेच तेच टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. ज्याला पटेल त्याने पुढे पाठवा, नाही पटलं तर तुमचा फॉरवर्ड तुमच्याकडे.

लसीतून किंवा इंजेक्शनमधून चिप घालता येते का?

नाही. कुत्र्यांना चिप बसवतात ती बघितलीय मी, तांदळाच्या दाण्याएवढी असते, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड, आणि ती आत जायला जी सुई लागते ती बघून कुत्रा सोडा, मालक पळतो. लसीची सुई बाहेरून अर्धा मिलिमीटर असते, तिच्या आतलं भोक त्याहून बारीक. आणि एवढं करून ती कुत्र्याची चिप करते काय, तर रीडर अगदी जवळ नेला की एक नंबर सांगते. तिला बॅटरी नाही, जीपीएस नाही, काही नाही.

गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याबद्दलपण विचारतात. त्यावर बारा आकडी नंबर आणि बारकोड असतो, चिप नसते. आमच्या गायीचा बिल्ला कुंपणाच्या तारेत अडकून निघाला आणि ती दोन दिवस कुठे चरत होती ते सरकारला काय, आम्हालापण कळलं नाही.

उपग्रहातून मनातलं वाचता येतं म्हणतात, ते?

ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, कधी काढलाय? त्या रूममध्ये बसून बघा म्हणजे ही भीती आपोआप जाईल. डोक्यावरच्या कातडीपर्यंत मेंदूचा जो सिग्नल पोचतो तो व्होल्टच्या एक लाखाव्या भागात असतो, हृदयाचा ईसीजी त्याच्या दहापट तरी मोठा. म्हणून डोक्याला एकवीस ठिकाणी पेस्ट लावून वायरी चिकटवतात, तरी वरचा पंखा चालू असला की कागदावर पंखाच दिसतो, पेशंटने दात चावले की दात दिसतात. आणि आपल्याकडचा पेशंट आला की टेक्निशियन आधी डोकं हुंगतो, कारण खोबरेल तेल थापलेलं असलं तर इलेक्ट्रोड सरकतात, मग परत पाठवतात की जा, शिकेकाईने धुऊन ये. ज्या सिग्नलला वाटीभर खोबरेल अडवतं तो आकाशात पाचशे किलोमीटरवर कोण ऐकणार आहे.

मात्र "वाचता येतच नाही" असंपण नाही हां. २०२३ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या लोकांनी एमआरआयमध्ये माणूस झोपवून तो जी गोष्ट ऐकतोय तिचा साधारण आशय कॉम्प्युटरकडून लिहून घेतला. पण त्यासाठी त्या माणसाला आधी सोळा तास मशीनमध्ये गोष्टी ऐकवाव्या लागल्या, एकाचं मॉडेल दुसऱ्याच्या डोक्याला चाललं नाही, आणि त्याने मुद्दाम मनात दुसरंच काही घोळवलं की सगळं फसलं. आणि ते मशीन कित्येक टनांचं, ते तुमच्या माडाला टांगून ठेवता येत नाही.

दीपगृहावरच्या रडारमुळे डोक्यात आवाज येतात का?

हा प्रश्न चांगला आहे, कारण यात एक गोष्ट खरी आहे. २६/११ नंतर किनाऱ्यावर दीपगृहांवर रडार बसली ते आपण बघितलंच. आणि मायक्रोवेव्हने माणसाला आवाज ऐकू येऊ शकतो हेपण खरं आहे, अॅलन फ्रे नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९६२ मध्ये ते छापलं, म्हणून त्याला फ्रे इफेक्ट म्हणतात. जोरदार पल्स डोक्यावर आला की आतला भाग अगदी किंचित तापतो, तापला की फुगतो, आणि तो बारीक धक्का कानाच्या आतल्या शंखाला आवाज म्हणून लागतो. पण ऐकू काय येतं तर टकटक, गुणगुण, तेसुद्धा ताकदवान रडारच्या अगदी झोतात उभं राहिलं तर. जहाजं शोधणारं रडार गोल फिरत असतं, त्याच्या लहरी कातडीच्या फार आत जात नाहीत आणि गावात पोचेपर्यंत त्यांचा जीव गेलेला असतो. त्यातून कोणी नाव घेऊन हाक मारत असेल, शिव्या देत असेल, तर तो आवाज रडारचा नाही. त्याबद्दल खाली लिहिलंय.

हवानाचंपण लोक विचारतात. तिथे, म्हणजे क्यूबात, २०१६ पासून अमेरिकन वकिलातीतल्या लोकांना डोकेदुखी, आवाज, चक्कर असे त्रास झाले, त्रास खरा होता. २०२३ मध्ये त्यांच्याच गुप्तचर खात्यांनी मिळून सांगितलं की कोणा शत्रूदेशाने शस्त्र वापरल्याची शक्यता फारच कमी. तिथले सगळेच ते मानतात असं नाही, भांडण चालू आहे.

म्हणजे सरकारं गुपचूप काही करतच नाहीत असं म्हणायचंय का तुम्हाला?

अजिबात नाही. उलट मला राग याचा येतो की खोट्या फॉरवर्डच्या ढिगाखाली खऱ्या गोष्टी गाडल्या जातात.

अमेरिकेच्या सीआयएने १९५३ मध्ये एमकेअल्ट्रा नावाचं प्रकरण सुरू केलं. माणसाचं मन ताब्यात घेता येतं का ते बघायला एलएसडी नावाचं भास करणारं औषध, संमोहन, विजेचे झटके, आणि हे कितीतरी लोकांवर त्यांना न सांगता, त्यात हॉस्पिटलातले पेशंट होते, कैदी होते. विद्यापीठं, हॉस्पिटलं मिळून ऐंशीच्या आसपास संस्था यात होत्या आणि बऱ्याच जणांना पैसे कुठून येतायत ते माहितीसुद्धा नव्हतं. १९७३ मध्ये तेव्हाचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांनी फायली नष्ट करायला लावल्या. तरी पकडले गेले कसे माहितीय? हिशेबाची कागदपत्रं दुसऱ्याच गोदामात पडून होती, साधारण वीस हजार पानं, ती १९७७ मध्ये सापडली. प्रयोगाच्या फायली गेल्या पण बिलं राहिली! ज्याने सरकारी स्टोअरमध्ये काम केलंय त्याला हे बरोबर कळेल.

आणि आपल्याकडे? सत्तरच्या दशकात दिल्लीजवळ डासांवर एक प्रकल्प चालू होता, जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआरच्या नावाने, पैसा अमेरिकेचा. त्यावर पेपरात आलं, संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ मध्ये रिपोर्ट दिला आणि सरळ विचारलं की या माहितीचा आपल्याला उपयोग किती आणि जैविक युद्धाचा विचार करणाऱ्या परक्या लष्कराला किती. प्रकल्प बंद झाला. त्याच वादात पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यासपण आला, ज्याला साठच्या दशकात अमेरिकन लष्कराच्या खात्यातून पैसे येत होते. त्या पक्षी अभ्यासाची सुरुवात कशावरून झाली असेल तर आपल्या माकडतापावरून! १९५७ मध्ये शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात हा ताप सापडला आणि शास्त्रज्ञांना शंका आली की गोचिडी सायबेरियातून पक्ष्यांबरोबर येतात की काय.

तोच माकडताप २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात आला. काजूचा सीझन, बागेत मेलेली माकडं, आणि पथकं येऊन रक्त घेतायत, पांढरं फडकं जमिनीवरून ओढत गोचिडी गोळा करतायत. तेव्हा तिकडच्या आमच्या नात्यातल्या एका मावशीने विचारलं होतं, "ह्या रगात खय नेतत रे?" सगळे हसले. मी हसलो नाही, कारण तिने जो प्रश्न विचारला तोच १९७५ मध्ये संसदेने विचारला होता. तिला उत्तर साधं होतं, तपासायला नेतात, पण ते तिला मालवणीत सांगायला कोणाला वेळ नव्हता. आणि इथल्या माणसाला पथक, सर्वेक्षण, माती परीक्षण म्हटलं की पोटात गोळा येतो त्याचं नवल काय, बारसूच्या सड्यावर २०२३ च्या एप्रिलमध्ये रिफायनरीसाठी ड्रिलिंगची मशीनं पोलीस बंदोबस्तात आली ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंय.

मग आपल्या भागात कोणी औषधाचा किंवा मशीनचा प्रयोग करत असेल तर कसं कळणार?

औषधाची किंवा मशीनची चाचणी माणसांवर करायची तर ती क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंदवावी लागते, २००९ पासून ते सक्तीचं आहे, साइट उघडी आहे, कोणीही बघू शकतो. सहभागी होणाऱ्याला त्याला कळेल अशा भाषेत लेखी माहिती द्यावी लागते, सही घ्यावी लागते, आणि त्या कागदाची एक प्रत त्याच्या हातात द्यावी लागते. ही प्रत मागा. "ती फाइलला लागते" म्हणाले तर मोबाइलवर फोटो काढा.

सरकारी खात्याकडून माहिती हवी तर माहिती अधिकार, दहा रुपये आणि तीस दिवस. जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तास. आता यातली मेख पण सांगतो, डीआरडीओ, आयबी, रॉ या संस्था कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत म्हणून त्यांना तो लागू नाही, पण भ्रष्टाचार आणि मानवाधिकार भंगाची माहिती त्यांनासुद्धा या सवलतीखाली लपवता येत नाही. अर्ज लिहिताना हा मुद्दा शब्दात घालावा लागतो, नाहीतर दोन ओळीचं नकाराचं पत्र येतं.

पोलीस डोक्याला वायरी लावून गुन्हा शोधतात हे खरं?

खरं, आणि आपल्याच राज्यात. २००८ मध्ये पुण्याच्या कोर्टात एका खुनाच्या खटल्यात शिक्षा झाली त्यात मेंदूच्या लहरींची चाचणी पुरावा म्हणून धरली होती, जगभर त्यावर चर्चा झाली. डोक्याला इलेक्ट्रोडची टोपी, माणूस गप्प बसलेला, समोर वाक्यं ऐकवायची, "मी विष घेतलं" वगैरे, आणि सॉफ्टवेअर सांगणार की याला हे अनुभवाने माहितीय की नुसतं ऐकून. मी ईईजीची मशीनं उघडून बसवलेला माणूस, मला विचाराल तर पंख्याचा आवाज गाळायला घाम फुटतो तिथे गुन्हा कसला गाळून काढताय.

५ मे २०१० ला सुप्रीम कोर्टाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक या निकालात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं झालं ते, घटनेचं कलम २०(३). पाठ करून ठेवा.

माझा पेसमेकर माझ्यावर लक्ष ठेवतो का?

तुमच्यावर नाही, तुमच्या ठोक्यांवर. त्याला माइक नाही, जीपीएस नाही. पण आठवण आहे. कधी ठोका चुकला, कधी त्याने स्वतः ठोका दिला, दिवसात तुम्ही किती हललात, हे सगळं आत लिहिलेलं असतं आणि चेकअपला छातीवर ते माउससारखं ठेवतात तेव्हा बाहेर येतं. काहींना घरी उशाशी ठेवायला एक डबा देतात, तो रात्री माहिती उचलून मोबाइल नेटवर्कवरून पाठवतो. ती जाते कुठे, कोण बघतं, हे विचारायचा हक्क तुमचा आहे आणि आजपर्यंत मी एकही पेशंट बघितला नाही ज्याने विचारलं.

अमेरिकेत ओहायोमध्ये २०१६ साली एकाचं घर जळालं, तो म्हणाला मी धावपळ करून सामान खिडकीतून बाहेर टाकलं. पोलिसांनी वॉरंट काढून त्याच्या पेसमेकरची माहिती घेतली, डॉक्टर म्हणाले ठोके बघता हे पटत नाही, आणि जज्जने ते पुराव्यात घेतलं. म्हणजे बघा, मर्जीविरुद्ध मेंदूला वायर लावायला आपल्या कोर्टाने बंदी केली, पण छातीतल्या मशीनच्या लॉगबद्दल त्या निकालात काही नाही. मला काळजी असेल तर ती इथे आहे, उपग्रहात नाही.

तो हॅक होतो का?

होऊ शकतो, २००८ मध्ये अमेरिकन संशोधकांनी टेबलावर करून दाखवलंय. डिक चेनी अमेरिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांच्या छातीतल्या मशीनचं वायरलेस डॉक्टरांनी याच भीतीने बंद ठेवलं होतं. २०१७ मध्ये सेंट ज्यूड कंपनीचे, म्हणजे आता अॅबटचे, अमेरिकेतले ४,६५,००० पेसमेकर याच कारणासाठी अपडेट करायला बोलावले, काढायला नाही, हॉस्पिटलात जाऊन तीन मिनिटांचं काम. खऱ्या पेशंटला कोणी असं मारल्याची नोंद नाही. पण अपडेटचा निरोप यायचा तर तुमचा चालू मोबाइल नंबर हॉस्पिटलकडे हवा. आपल्याकडे तोंडातला विड्याचा चोथा बदलतात तसं सिम बदलतात.

ते मस्कचं मेंदूतलं चिप?

न्यूरालिंक. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसात बसवलं, मानेखाली लुळा पडलेला तरुण, आता नुसत्या विचाराने कर्सर हलवतो, बुद्धिबळ खेळतो. ६४ धागे, १०२४ इलेक्ट्रोड. काही आठवड्यात बरेच धागे मेंदूतून मागे सरकले, मग सॉफ्टवेअर बदलून निभावलं. हे लपवून करायचं काम नाही, कवटीला नाण्याएवढं भोक पाडावं लागतं.

पण माझी झोप उडवणारी गोष्ट वेगळी आहे. सेकंड साइट नावाची अमेरिकन कंपनी होती, आंधळ्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर ६० इलेक्ट्रोडची पट्टी बसवायची, चष्म्यात कॅमेरा. अंधुक उजेड, दाराची चौकट, असं दिसायचं. जगभरात साडेतीनशेच्या वर लोकांनी ती डोळ्यात घालून घेतली. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं सोडलं, पुढच्या वर्षी बहुतेक माणसं कामावरून काढली, आणि पेशंटच्या डोळ्यात मशीन तसंच. सुटे भाग नाहीत, दुरुस्ती नाही, बंद पडलं की परत काळोख. आपल्या गावात बंद पडलेल्या कंपनीचा फ्रीज असतो, तो कपाट म्हणून वापरता येतो. डोळ्याचं काय करणार? आपल्याकडे सरकारी योजनेतून लहान मुलांना कानाचं कॉक्लियर इम्प्लांट मिळतं, फार चांगली योजना, मूल खरंच बोलायला लागतं. पण बाहेरच्या प्रोसेसरची वायर आपल्या दमट हवेत गंजते, घाम, खारं वारं, आणि योजनेच्या पुढची वायर, बॅटरी, दुरुस्ती कोणाच्या खिशातून, हे ऑपरेशनच्या आधी विचारा. सिलिकाचे दाणे टाकलेला ड्राय बॉक्स रोज रात्री वापरायचा, तांदळाचा डबा नको, त्यात पावडर असते.

पेसमेकरवाल्याने मोबाइल, इंडक्शन, होडीचं इंजिन यांचं काय करावं?

मोबाइल वरच्या खिशात नको, सहा इंच लांब. इंडक्शनपासून दोन फूट. मिक्सर, टीव्ही, पंखा बिनधास्त. चालू इंजिनवर ओणवून काम करू नका, हातभर अंतर ठेवा. वेल्डिंग असेल तर आधी डॉक्टरला विचारा. एमआरआयच्या आधी कार्ड दाखवायचंच.

मला खात्री आहे की माझ्या डोक्यात कोणीतरी काहीतरी बसवलंय. मी काय करू?

तुमची थट्टा करणार नाही. धातू असेल तर साध्या एक्सरेत पांढरा दिसतो, ग्रामीण रुग्णालयातसुद्धा. एकदा काढा. स्वच्छ आला आणि तरी मन म्हणत असेल की त्यांनी एक्सरेवालापण फोडलाय, तर तिथे थांबा आणि ही गोष्ट ऐका. साधारण १८०० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स टिली मॅथ्यूज नावाचा माणूस सांगायचा की तळघरात एक टोळी हवेच्या यंत्राने माझं डोकं चालवते. तेव्हा चिप नव्हती म्हणून यंत्र हवेचं, चुंबकाचं. पुढे लोकांना रेडिओचे आवाज आले, मग टीव्हीचे, आता चिपचे. आपल्याकडे आजी म्हणायची करणी केली. त्रास तोच, खरा, झोप उडवणारा, नुसतं मशीन काळाप्रमाणे बदलतं. आणि त्यावर औषध आहे. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासून आहे, त्याच्या नावाने आपल्याकडे विनोद करतात ते सोडा, तिथे ओपीडी असते, दाखवून संध्याकाळच्या एसटीने घरी येता येतं. फोनवर बोलायचं तर १४४१६, टेलिमानस, फुकट, मराठीत बोलतात. घरच्यांनी "काय नाय तुका" म्हणू नये आणि "हो हो चिप आहे" असंपण म्हणू नये. जेवला का, झोपला का, ते विचारा.

माणूस गेल्यावर पेसमेकरचं काय करायचं?

दहनाआधी काढायचं. आत सीलबंद लिथियमची बॅटरी असते, ती चितेत फुटते.

आमच्या वाडीतले एक आबा गेले ते आषाढात, धो धो पाऊस, तिरडी बांधून झाली, आणि मुलाने सहज म्हटलं आबांचा मशीन आतच असा. मुंबईच्या ज्या हॉस्पिटलने बसवलं त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं, कार्डसुद्धा दिलेलं नाही, आबा स्वतः म्हणायचे, "माझ्या छातीत काय घातल्यानी ता माका अजून कोणी सांगूक नाय." तालुक्याहून डॉक्टर यायला दीड तास गेला. पडवीत कंदील धरून मी उभा होतो. डाव्या खांद्याच्या हाडाखाली दोन इंचाचा काप, आतून ते चपटं, काडेपेटीपेक्षा लहान मशीन निघालं, वायरी कापल्या, टाके घातले, दहा मिनिटांचं काम. पुसून बघितलं तर त्यावर कंपनीचं नाव, मॉडेल, सिरियल नंबर, सगळं कोरलेलं. जो कागद त्यांनी आठ वर्षं मागितला तो त्यांच्या आतच होता.

मशीन बसवलेला पहिला माणूस आर्ने लार्सन, स्वीडनचा, १९५८. पहिलं काही तासात बंद पडलं. त्यानंतर बदलत बदलत एकूण २६ मशीनं लागली आणि तो २००१ पर्यंत जगला, ८६ व्या वर्षी गेला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वरचं वाचून कोणी मशीन नको म्हणून बसेल. घ्या. बसवून घ्या, पण कार्ड घेतल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका, त्याचा फोटो मुलाच्या, सुनेच्या, शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि अस्सल कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून रेशनकार्डाबरोबर, पत्र्याच्या पेटीत, लाकडाच्या नको, वाळवी लागते.

तुम्हाला कधी भेटायचं?

कधीही या, कार्ड घेऊन या. मे महिन्यात आंबा उतरत असतो तेव्हा नको, आणि दुपारी दोन ते चार मी झोपतो.